विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाडीच्या हौद्यासाठी आच्छादनाची निवड

महाडजवळ सावित्री नदीच्या काठी वसलेले सव हे गाव ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी ह्या नदीतून भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत येत व कोकणातील माल जलमार्गाने बाहेर जाई. ती वाहतूक केव्हाच मागे पडली. आज सव, दासगाव व पोलादपूर ह्या टापूतील भाताची पोती, वालाचे दाणे, आंब्याच्या पेट्या, भाजीपाला आणि पेंढा टेम्पोनेच बाजारात जातो. डिझेलच्या टेम्पोऐवजी विजेवर चालणारी छोटी मालवाहू गाडी घेण्याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यास बॅटरी, पल्ला व कर्जाचे हप्ते ह्यांची माहिती विक्रेता देतो. हौद्यावर काय घालावे हे मात्र तो सहसा सांगत नाही. ह्या भागात तो प्रश्न किरकोळ नव्हे.

महाड तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. घाटावर महाबळेश्वरी तो पाच हजारांच्याही पुढे जातो. भाताचे पोते एकदा भिजले की दाणा काळवंडतो, भरडताना कणी अधिक पडते व व्यापारी भाव पाडतो. युरियास तर हवेतील ओलावाही सोसत नाही. त्याचे खडे बनतात. तेव्हा आच्छादन हवेच. प्रश्न आहे तो कोणते, ह्याचा.

डिझेलच्या टेम्पोवर चालून गेलेले आच्छादन विजेच्या गाडीवर तसेच चालेल असे समजू नये. डिझेल थोडे अधिक जळाले तर वाटेत पंप सापडतो. विजेच्या गाडीत सकाळी भरलेल्या बॅटरीवरच दिवसाचे काम उरकावयाचे असते. 2022 साली जाहीर झालेल्या टाटा एस ईव्ही ह्या गाडीची बॅटरी 21.3 युनिटांची असून तिचा चाचणीतील पल्ला 154 किलोमीटर सांगितला गेला. चढणीच्या व खड्ड्यांच्या रस्त्यावर तो कमी भरणार, हे उघड आहे. अशा गाडीवर चढविलेला प्रत्येक किलो आणि वाऱ्यात फडफडणारा प्रत्येक हात कापड ह्याच शिदोरीतून आपला वाटा घेत असते.

प्रथम वजनाचा विचार करू. पुष्कळांचा ओढा पत्र्याच्या बंद डब्याकडे असतो. तो मजबूत दिसतो व त्यास कुलूप लावता येते. समजा, उघड्या हौद्याची गाडी 600 किलो माल नेऊ शकते आणि तिचा हौदा 7 फूट लांब व 5 फूट रुंद आहे. त्यावर 5 फूट उंचीचा डबा बांधल्यास चारी बाजू व छत मिळून सुमारे 155 चौरस फूट पत्रा लागतो. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला 7.85 किलो भरते. म्हणजे नुसता पत्राच 113 किलोंच्या आसपास झाला. सांगाडा, दारे व बिजागऱ्या धरल्या तर 150 किलो सहज होतात. ही भाताची 50 किलोंची तीन पोती झाली, आणि ती मालक प्रत्येक खेपेस फुकट वाहतो. 22 क्विंटल भात गिरणीवर पोचवावयाचा असेल तर उघड्या गाडीस चार खेपा पुरतात; हा डबा बसविल्यावर पाच कराव्या लागतात.

ह्याउलट लोखंडी चौकोनी नळीच्या तीन कमानी, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि वर ताडपत्री हे सर्व मिळून 30 किलोंच्या आत बसते. 25 मिलिमीटर रुंद व 2 मिलिमीटर जाड नळीचे वजन दर मीटरला दीड किलोहूनही कमी असते आणि अशी 15 मीटर नळी पुरते. खेपांची संख्या चारच राहते.

घाटात वजनाचा हिशेब आणखी स्पष्ट होतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाताना गाडी सुमारे 1300 मीटर वर चढते. शंभर किलो वजन तेवढे उचलण्यास, यंत्रातील घट धरून, 0.4 युनिटांच्या आसपास वीज लागते. भरलेल्या गाडीचे एकूण वजन 1800 किलो धरल्यास केवळ उंची गाठण्यातच सात-साडेसात युनिटे खर्च होतात. म्हणजे वरील बॅटरीचा तिसरा हिस्सा. उतारावर मोटर उलट वीज निर्माण करून त्यातील काही भाग परत देते हे खरे, परंतु सर्व नव्हे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतार लागला तर तेवढेही मिळत नाही.

वाऱ्याचा हिशेब निराळा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. सवच्या गावरस्त्यावर किंवा घाटातील वळणांवर गाडी सावकाश चालते, तेथे वाऱ्याचे फारसे चालत नाही; तेथे वजनच महाग पडते. मुंबई-गोवा महामार्गावर ताशी 50-60 किलोमीटर वेगाने जाताना मात्र उंच, सैल व फुगलेली ताडपत्री गाडीस मागे ओढते. म्हणून कमानी केबिनच्या टपाहून शक्यतो उंच नसाव्यात आणि कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताठ बसावे. परतीच्या मोकळ्या खेपेस ताडपत्री घडी घालून हौद्यात ठेवावी. उघडी, सुटी टोके फडफडत नेऊ नयेत. पेंढा भरताना ही दक्षता विशेष हवी, कारण तो वजनाने हलका, पण वारा धरण्यात मोठा पटाईत.

अमेरिकेत विजेच्या पिकअप गाड्यांच्या हौद्यावर काठाबरोबर बसणारे सपाट झाकण लावण्याची पद्धत आहे. तेथे 2023 साली ग्राहकांच्या हाती आलेल्या टेस्ला सायबरट्रक ह्या गाडीस तर गुंडाळले जाणारे झाकण कारखान्यातच बसविलेले असते. त्यायोगे वारा सरळ वरून निघून जातो व थोडी वीज वाचते. परंतु त्या हौद्यात बहुधा अवजारे व प्रवासाचे सामान असते. आपल्याकडील शेतकऱ्याचा माल हौद्याच्या काठाहून हातभर वर रचलेला असतो; त्यास सपाट झाकण निरुपयोगी होय.

ताडपत्रीचे कापड निवडताना घट्ट विणीच्या प्लास्टिकच्या ताडपत्रीस प्रथम पसंती द्यावी. तिच्यासाठी भारतीय मानक 7903 ठरलेले आहे. खरेदीच्या वेळी ती खूण व दर चौरस मीटरचे वजन पाहावे. 200 ग्रॅमची 15 फूट बाय 12 फूट ताडपत्री साधारण साडेतीन किलो भरते. मेणकापडासारखी सुती ताडपत्री अधिक टिकाऊ असते व फाटली तर शिवता येते, पण ती मुळातच जड आणि भिजल्यावर आणखी जड होते. रंग शक्यतो फिका अथवा चंदेरी असावा. एप्रिल-मे महिन्यांत काळ्या ताडपत्रीखाली आंब्याच्या पेट्या दुपारभर ठेवणे म्हणजे त्यांना भट्टीत घालणे होय. तोडलेला भाजीपाला व फळे श्वास घेतच असतात व स्वतःही उष्णता सोडतात. त्यांच्यासाठी मागील बाजूस फाळक्याच्या वर वीतभर फट मोकळी ठेवावी. जुलैत आंब्या-काजूची कलमे नेताना ताडपत्रीऐवजी सावलीची जाळी वापरावी. पाऊस त्यांना बाधत नाही, वाऱ्याचा मारा बाधतो.

ताडपत्री बांधण्याची रीत कोकणातील शेतकऱ्यास नव्याने शिकविण्याची गरज नाही. घर शाकारताना तो हेच करतो. मधला दांडा आढ्यासारखा उंच व दोन्ही बाजूंस उतार, म्हणजे पागोळ्या हौद्याच्या बाहेर पडतील. उतार नसला की कापडास पोट येते. एक चौरस मीटर जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचले तर ते शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो होते. वळणावर ते एका बाजूस हिंदकळून गाडीचा तोल घालवू शकते. दोन ताडपत्र्या जोडावयाच्या झाल्यास पुढची मागचीच्या वर यावी, अन्यथा वारा खाली शिरतो. पाठीमागचे दिवे, क्रमांकाची पाटी व विद्युत्‌भरणाचे तोंड झाकले जाणार नाही हे पाहावे.

ह्यापुढील सूचना ग्रामसेवकांनी व कृषी कर्मचाऱ्यांनी गाडी घेणाऱ्यास आवर्जून सांगावी. कमानी बसविण्यासाठी गावच्या लोहाराकडून हौद्याच्या तळास भोके पाडून घेऊ नयेत व गाडीवर वेल्डिंगही करू देऊ नये. अशा गाड्यांची बॅटरी बहुधा हौद्याच्या खाली सांगाड्यास जोडलेली असते आणि नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांतून उच्च दाबाची वीज वाहते. ड्रिलचे टोक तेथवर पोचले तर मनुष्य दगावू शकतो. कमानी बाहेर तयार करून हौद्याच्या मूळ कड्यांना पट्ट्यांनी व बोल्टांनी आवळाव्यात, किंवा अधिकृत कार्यशाळेतून बसवून घ्याव्यात. कायम स्वरूपाचा डबा बांधावयाचा तर मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 चा विचार करून आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. खते, बियाणे व किराणा बाराही महिने वाहणाऱ्या दुकानदारास असा डबा परवडतोही. त्याने लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. तेवढ्याच जाडीचा तो पत्रा लोखंडाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका भरतो.

वरून पडणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त झाला तरी खालून येणारे पाणी ताडपत्रीस अडविता येत नाही. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर व आसपासची गावे बुडाली होती. बॅटरीच्या पेटीवरील ‘आयपी 67’ ही खूण एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाच्या चाचणीपुरती असते. तासन्‌तास साचणाऱ्या गढूळ पुरास ती लागू नाही. नदी फुगू लागताच गाडी उंच जागी न्यावी. ती बुडालीच तर चालू करू नये, विद्युत्‌भरणासही लावू नये, कार्यशाळेस कळवावे.

पावसाळा सरल्यावर ताडपत्री दोन्ही बाजूंनी वाळवून, गुंडाळून उंच टांगावी. ओली घडी ठेवल्यास सुती कापडावर बुरशी धरते आणि पेंढ्याच्या माचावर ठेवल्यास उंदीर ती कुरतडतात. प्लास्टिकची ताडपत्री उन्हाने ठिसूळ होते. घडीच्या रेषेवर ती तडकू लागली की पुढील मृगापूर्वी नवी घ्यावी व जुनी खळ्यावर अंथरण्यास ठेवावी.