श्रावणझडीत माळा कोरडा कसा राहतो?

श्रावणात मोलगीच्या डोंगरात झड लागली की काडेपेटीची काडी पेटायला मागत नाही आणि दोरीवरचं लुगडं चार दिवस ओलंच राहतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या जुन्या घरांत त्याच दिवसांत चुलीवरच्या माळ्यावरची मक्याची कणसं मात्र खडखडीत असतात. बाहेरची ओली हवा माळ्यावरही जातेच, तरी तिथं दाण्याला बुरशी लागत नाही.

हे घर म्हणजे लाकडी खांब, शेणामातीनं लिंपलेला बांबूचा कुड आणि वर कौलं. चुलीला धुराडं नाही. धूर माळ्याच्या बांबूंमधून वर शिरतो आणि कौलांच्या सांध्यांतून वाट काढतो. या धुराच्या वाटेतच पुढच्या पेरणीचं बियाणं टांगलेलं असतं.

आता गंमत पाहा. चूल स्वतःच पाणी तयार करते! लाकडात हायड्रोजन असतो. तो जळताना ऑक्सिजनशी जुळून पाणी होतो. एक किलो कोरडं लाकूड जळलं की सुमारे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन वर जातं. भाकरीची, डाळीची वाफ निराळीच. म्हणजे माळ्याखाली रोज पाण्याचा कारखाना चालू असतो आणि माळा तरी कोरडा!

याचं उत्तर उष्णतेत आहे. 25 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत फार तर 23 ग्रॅम वाफ मावते, 35 अंशाला जवळजवळ 40 ग्रॅम. त्यामुळे बाहेरची काठोकाठ भरलेली हवा दहा अंशांनी तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहूनही तिची आर्द्रता शंभरावरून साठ टक्क्यांच्या आत येते. ती आता तहानलेली असते, आणि सापडेल तिथून पाणी ओढते. चुलीनं घातलेली वाफ कौलांच्या फटींतून बाहेर जाते म्हणून हे जमतं. फटी बुजवल्या तर तोच माळा घामेजेल.

धुराचं काम आणखी वेगळं. त्यातली फिनॉलं आणि फॉर्माल्डिहाइड काजळीबरोबर कणसांवर बसतात. बुरशीला आणि सोंडकिड्यांना ती मानवत नाहीत.

बुरशी म्हणजे नुसता कुबट वास असं समजून तो दाणा दळायला नेणारे आजही आहेत. त्यांनी 1974 सालची गोष्ट ऐकावी. त्या वर्षी अवकाळी पावसानं मका भिजला आणि गुजरातमधल्या पंचमहाल व राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत, मुख्यतः भिल्ल वस्त्यांत, लोकांना कावीळ होऊ लागली. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. ओल्या मक्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस बुरशीनं अफ्लाटॉक्सिन हे विष तयार केलं होतं. ते शिजवूनही जात नाही.

म्हणून चूलच बरी होती, असं मी म्हणणार नाही. त्या धुरानं बायांच्या डोळ्यांचं आणि फुफ्फुसांचं फार नुकसान केलं आहे. गॅस आला ते उत्तमच झालं. पण चुलीबरोबर माळ्याची शेगडीही विझली, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. त्यात कौलांच्या जागी पत्रा आला. पत्रा रात्री आभाळाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेहूनही गार होतो. मग आतली वाफ त्याला खालून थेंबांनी चिकटते आणि पहाटे पोत्यांवर ठिबकते. पाऊस नसताना छत गळतंय असं वाटतं ते यामुळे.

तेव्हा आढ्याजवळ समोरासमोर जाळीचे दोन झरोके ठेवावेत. पेट्या, पोती, गोधड्या भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर असाव्यात. पोत्यांवर प्लास्टिक टाकण्याची सवय मात्र मोडाच, कारण दाण्यातून निघालेली वाफ त्याखालीच कोंडते. मोहाची फुलं तर साखरेनं भरलेली. हवेतलं पाणी ती अधाशासारखी शोषतात. ती नीट वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावीत.

दाणा वाळला का, हे मिठाला विचारता येतं. काचेची कोरडी बाटली घ्या. त्यात मूठभर मका आणि तव्यावर भाजून गार केलेलं दोन-तीन चमचे मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा, पाव तास ठेवा. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरतं, आणि 15 टक्के पाणी असलेला मका आपल्याभोवती जवळपास तेवढीच आर्द्रता करतो. मीठ काचेला चिकटलं तर तो मका माळ्यावर चढवू नका. आणखी दोन उन्हं द्या आणि पुन्हा बाटली हलवून बघा.