विश्लेषण : रोज एक समुद्रचित्र... जलरंगांचा छंद अडतो कुठे? पंधरवड्यात काय बदलते?

सुट्टीत अलिबाग किंवा गुहागरला गेल्यावर जलरंगांची पेटी उघडणारे पुष्कळ असतात. दोन-चार चित्रांनंतर मात्र ती पेटी पुन्हा कपाटात जाते. आकाशाला डाग पडतात, समुद्र निळ्या पट्टीसारखा दिसतो आणि वाळूचा चिखल होतो. ‘आपल्या हातात कला नाही’ असे म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चुकलेली असते ती वेळ. कागद किती ओला आहे आणि समुद्र भरतीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, या दोन वेळा ओळखता आल्या की चित्र सुधारू लागते. ही ओळख वर्षातून एकदा काढलेल्या मोठ्या चित्रातून होत नाही. रोजच्या लहान चित्रातून होते.

शाळेतील रंगकामाची सवय का आड येते?

महाराष्ट्रातील अनेकांचा रंगांशी संबंध एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांपुरता येतो. तिथे पोस्टर कलर हाताळलेले असतात. पोस्टर कलर अपारदर्शक असतो. चुकलेल्या जागेवर दुसरा थर दिला की चूक झाकली जाते आणि पांढरा रंग शेवटी लावता येतो. जलरंगात हे दोन्ही चालत नाही. रंगद्रव्याची बारीक पूड बाभळीच्या कुळातील झाडाच्या डिंकात घोटून जलरंग तयार होतो. त्याचा पातळ थर पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून जाऊन कागदावर आपटतो आणि परत येतो, म्हणून चित्र उजळ दिसते. पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. लाटेचा फेस, होडीचे शीड, पाण्यावरची चमक या जागा आधीच ठरवून सोडाव्या लागतात.

आकाशात डाग का पडतात?

ओल्या कागदावर रंगाचा सपाट थर दिला की तो तीन अवस्थांतून जातो. आधी पाणी उभे असते आणि कागद आरशासारखा चमकतो. मग ही चमक मंद होते. शेवटी ती जाते, पण कागद हाताच्या मागच्या बाजूला गार लागतो. पहिल्या अवस्थेत दुसरा रंग सोडला तर तो मऊ पसरतो आणि ढग तयार होतात. धोका दुसऱ्या अवस्थेत असतो. तेव्हा जास्त ओला कुंचला टेकला तर नवे पाणी अर्धवट स्थिरावलेले रंगद्रव्य बाहेर ढकलते आणि फुलकोबीसारखी कड उमटते. सुधारायला जावे तसा डाग वाढतो. अशा वेळी हात थांबवणे हेच कौशल्य. पूर्ण सुकल्यावर दुसरा थर निर्धास्त देता येतो.

किनाऱ्यावर हे अधिक अवघड का?

पाणी किती लवकर सुकेल हे हवेवर ठरते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि आकाशाचा थर बराच वेळ ओला राहतो. एप्रिलमधील दुपारी वाऱ्यावर बसले तर तोच थर काही मिनिटांत सुकतो. त्यामुळे पुण्यातील खोलीत जमलेला अंदाज मालवणच्या धक्क्यावर चुकतो. इतके मिनिटे थांबा, असा नियम कुणी सांगू शकत नाही. कागदाची चमक तिरक्या नजरेने पाहणे हा एकच भरवशाचा मार्ग आहे आणि तो रोज पाहूनच अंगवळणी पडतो.

किनाऱ्यावर रंगवताना समुद्राचे पाणी मात्र वापरू नये. मीठ हवेतील ओल धरून ठेवते आणि चित्रावर त्याचे कण राहतात. बाटलीत घरचे पाणी नेलेले बरे.

समुद्र निळा नसेल तर कसा रंगवावा?

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे डोळ्यांनी न पाहता आठवणीतला निळा लावणे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याजवळ खाड्यांतून गाळ येतो, त्यामुळे पाणी राखाडी, हिरवट किंवा मातकट दिसते. पावसाळ्यात ते आणखी गढूळ होते. मालवण-तारकर्लीकडे हिवाळ्यात तेच पाणी निवळ आणि हिरवे-निळे असते. वाळूचेही तसेच. रायगडमधील अनेक किनाऱ्यांवर ती काळसर, तर दक्षिणेकडे उजळ दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कड्यांना जांभ्याचा तांबूस रंग असतो.

या सगळ्यासाठी डझनभर रंग लागत नाहीत. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना हा विटकरी तपकिरी आणि एक पिवळा एवढ्यावर सुरुवात होते. पहिले दोन मिसळले की ढगांपासून ओल्या खडकांपर्यंत अनेक करडे रंग मिळतात. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे ओल्या वाळूचा पोत आपोआप येतो.

सरावासाठी पंधरवडाच का?

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकणात त्यासाठी जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती मोठी असते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती लहान.

याचा चित्रकाराला थेट उपयोग आहे. रोज सकाळी ७ वाजता एकाच जागी बसणाऱ्याला पंधरा दिवसांत भरती-ओहोटीच्या जवळजवळ सगळ्या अवस्था दिसतात. एके दिवशी पाणी धक्क्याला लागलेले असते. आठवड्याने तिथेच खडक उघडे पडतात, होड्या चिखलात कलतात आणि ओल्या वाळूत आकाश दिसते. पंधरवड्याने चक्र जवळपास तिथेच परत येते. म्हणजे विषय शोधत फिरावे लागत नाही. जागा तीच ठेवली की विषय स्वतः बदलतो आणि पहिल्या दिवसाचे चित्र सोळाव्या दिवसाच्या चित्राशेजारी ठेवून पाहता येते.

प्रत्यक्ष बसण्याआधी मात्र अधिकृत भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. ठोकताळा अंदाजापुरता ठीक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत पायी जाता येते, पण भरतीत ती वाट पाण्याखाली जाते. पावसाळ्यात खडकांवर बसून रंगवण्याचे धाडस करू नये.

रोज किती आणि काय रंगवावे?

पोस्टकार्डाएवढा कागद आणि अर्धा तास पुरे. पहिले काही दिवस फक्त आकाश आणि क्षितिज. क्षितिजाची रेष सरळ हवी. ती थोडी जरी कलली तरी समुद्र सांडल्यासारखा वाटतो. पुढचे काही दिवस पाणी आणि वाळू यांची सीमा. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद असते आणि फेसाची कड कुठे मऊ, कुठे तीक्ष्ण असते. त्यानंतर एकच वस्तू : ओढून ठेवलेली होडी, बोंबील सुकवायची वलांडी, जाळ्यांचा ढीग. पाण्यावरची चमक दाखवायला जवळजवळ कोरडा कुंचला खरखरीत कागदावरून झपकन फिरवावा. रंग उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात.

पावसाळ्यात बाहेर बसणे जमत नाही, पण विषय संपत नाहीत. मासेमारी बंदीच्या काळात शाकारलेल्या होड्या आडोशाला उभे राहून रंगवता येतात. एक पथ्य पाळावे : बिघडलेले चित्र त्याच दिवशी दुरुस्त करत बसू नये. मागे तारीख, वेळ, तिथी आणि हवा लिहून दुसऱ्या दिवशी नवा कागद घ्यावा.

असा मुक्काम थोरांनीही केला आहे. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर १८८१ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या मच्छीमार गावात गेला, तेव्हा तो पंचेचाळिशीत होता आणि नामवंत होता. १८८२ पर्यंत तिथे राहून त्याने कोळी बायका, होड्या आणि वादळी समुद्र हेच विषय पुन्हा पुन्हा जलरंगात हाताळले. तिथून परतल्यावर समुद्र त्याच्या चित्रांचा मुख्य विषय झाला.

पैसे कशावर खर्च करावेत?

आधी कागदावर. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. ३०० जीएसएम वजनाचा, शक्यतो सुती धाग्यांचा कागद ओल धरून ठेवतो आणि विचार करायला वेळ देतो. मोठा ताव आणून त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे केले तर रोजचा खर्च आवाक्यात राहतो. एक जाड गोल आणि एक बारीक असे दोन कुंचले सुरुवातीला पुरतात.

दमट हवेत कागदही बिघडतो. रंग पृष्ठभागावर राहावा म्हणून कागदाला दिलेला लेप ओलीने खराब झाला तर रंग ठिपक्यांनी शोषला जातो. म्हणून थोडाच कागद आणावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा.

ही चित्रे टिकतात का?

जलरंग उजेडाने फिके पडतात का, यावर व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला होता. वॉल्टर रसेल आणि विल्यम ॲबनी यांनी प्रयोग करून १८८८ मध्ये अहवाल दिला. अनेक रंग उजेडाने उडतात आणि हवेतील ओल या प्रक्रियेला हातभार लावते, असे त्यांना दिसले. कोकणात ऊन आणि ओल दोन्ही भरपूर. त्यामुळे चित्र थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नये, काच आणि कागद यांच्यात माउंटचे अंतर ठेवावे आणि पावसाळ्यात बुरशीवर लक्ष ठेवावे. अलिझरिन क्रिमसनसारखा उडणारा रंग टाळावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना उजेडाला चांगले टिकतात.

चांगली न जमलेली चित्रेही ठेवावीत का?

ठेवावीत, तारखेसह. किनारा झपाट्याने बदलतो आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. काम सुरू होण्याआधी वरळी किंवा ब्रीच कँडीहून दिसणारी पाण्याची कड आता तशी दिसत नाही. तेव्हाचे एखादे साधे जलरंगचित्र कुणाच्या वहीत असेल, तर ते आज नोंद म्हणून उपयोगी आहे. छायाचित्रात सगळे एका क्षणात येते. चित्रात अर्धा तास बसून पाहिलेले उतरते : पाणी कुठवर होते, वाळूचा रंग कोणता होता, होड्या किती होत्या. रोजच्या छंदातून हात सुधारतो तो सुधारतोच, पण वर्षाच्या शेवटी एका किनाऱ्याची वर्षभराची हजेरीही वहीत जमा झालेली असते.