जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी टाकावी का?

आजचा भाग कॉम्प्युटरवर आहे, पण सुरुवात तुमच्या हातातल्या फोनपासून करू. फोन बंद करून चालू केला तर किती वेळ लागतो? अर्धा मिनिट, फार तर एक. मग घरातला कॉम्प्युटर पाच मिनिटं का घेतो? कारण फोनमध्ये हार्ड डिस्क नाही. त्याची साठवण फ्लॅश चिपवर आहे, आणि एसएसडी म्हणजे त्याच जातीच्या चिपा, कॉम्प्युटरला बसतील अशा डबीत.

माझा मावसभाऊ हिमायतनगरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. 2023 चा जुलै. त्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता, त्यामुळे दारात ही गर्दी! आणि त्याचा कॉम्प्युटर 2014 चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. मी गेलो तर दादा वैतागलेला. "बटन दाबून चहा पिऊन येतो, तरी चालूच व्हायलाय. नवीनच घ्यावा म्हणायलोय. पस्तीस हजार सांगितलेत."

मी म्हटलं, दादा, आधी बघू तरी की तो कशासाठी थांबायलाय.

हे बघायला पैसे लागत नाहीत. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. दादाच्या स्क्रीनवर प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर निवांत, आणि डिस्क शंभर टक्के. म्हणजे डोकं रिकामं बसलेलं आणि हात अडकलेले.

हात का अडकतात? हार्ड डिस्कच्या आत खरोखरची तबकडी फिरते, साधारण मिनिटाला 7200 वेळा. म्हणजे सेकंदाला 120 फेरे. माहितीचा तुकडा हवा असेल तर आधी डोकं सरकून त्या जागी जाणार, मग तबकडी फिरून तो तुकडा खाली येणार. एका तुकड्याला बारा-पंधरा मिलिसेकंद. ऐकायला कमी वाटतं, पण हिशोब करा, सेकंदाला सत्तर-ऐंशीच तुकडे झाले! आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो तुकडे देते. मोठा सिनेमा कॉपी करताना फरक चारेक पटीचा दिसतो, पण बारीक फाइलींत तो शंभर पटीच्या घरात जातो. खरी मजा तिथं आहे.

पण थांबा. दादानं फॉर्म भरून सबमिट दाबलं, आणि गोल गोल फिरायला लागलं. आता टास्क मॅनेजरमध्ये डिस्क पाच टक्क्यांवर! हे थांबणं कॉम्प्युटरचं नव्हतंच, पोर्टलचं आणि नेटचं होतं. त्यावर एसएसडी काही करत नाही, आणि पस्तीस हजारांचा नवा कॉम्प्युटरही नाही. दुकानदार हे सांगत नाही.

शेवटी नांदेडहून 240 जीबीची साटा एसएसडी आणली, तेव्हा दीड हजाराच्या आसपास पडली. (आजचा भाव आजच विचारा, चिपांचे भाव फार हलतात.) जुन्या बोर्डावर महागडी एनव्हीएमई बहुतेक बसतच नाही, त्यामुळे घेण्याआधी आपल्या बोर्डावर कोणता स्लॉट आहे ते बघा. चालू व्हायला पाच मिनिटं लागायची, ती चाळीस सेकंदांवर आली. पोर्टल मात्र होतं तसंच.

एक चूक आमची. विंडोज नव्यानं टाकली आणि अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं परत बसवावं लागलं. ऐन गर्दीत अख्खा दिवस गेला. मजुरी बुडवून आलेली माणसं परत गेली. हे काम मुदतीच्या तोंडावर काढू नका.

आयुष्याची भीती सगळे विचारतात. 240 जीबीच्या साध्या एसएसडीवर 80 टीबी लिहिण्याची हमी असते. रोज 20 जीबी लिहिलं तरी अकरा वर्षं होतात. माझी भीती वेगळी आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, एसएसडी मात्र एका सकाळी गप्प होते, आणि त्यातून डिलीट झालेलं परत मिळणं अवघड. शिवाय लिहिता लिहिता लाईट गेली तर स्वस्त एसएसडी बिघडू शकते, म्हणून यूपीएस हवाच. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, केसिंगमध्ये घालून फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा.

आणि रॅम दोनच जीबी असेल तर एकट्या एसएसडीवर पैसे घालू नका, सोबत रॅमही वाढवा.

आता 2023 सारखा सल्ला मी दादाला डोळे झाकून देणार नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. घरी अभ्यासाला, टायपिंगला असा कॉम्प्युटर असेल तर एसएसडी टाका, लिनक्स टाका, मस्त चालेल. पण ज्यावर लोकांचे आधार आणि बँक पासबुकं स्कॅन होतात, त्या मशीनसाठी मी पैसे साठवायला सांगेन. दादानं साठवायला सुरुवात केली आहे. जुन्यातली एसएसडी तो काढून घेणार आहे, नव्यात दुसरी साठवण म्हणून.