गॅलन नेमका कुणाचा?

चार क्वार्टचा एक गॅलन. क्वार्टचे गॅलन करायचे तर चाराने भागा, उलट करायचं तर चाराने गुणा. एवढा सोपा हिशेब, पण खरी मेख गॅलन कुणाचा यात आहे. अमेरिकेने इंग्लंडचा 1707 सालचा 231 घनइंचांचा वाइन-गॅलन कायम ठेवला, तो 3.785 लिटरचा. ब्रिटनने 1824च्या कायद्याने 10 पौंड पाण्याच्या आकारमानावर नवा गॅलन बेतला, तो 4.546 लिटरचा, सुमारे 20 टक्के मोठा. अमेरिकेत इंजिन ऑइलचा 5 क्वार्टचा कॅन सर्रास मिळतो. त्यात सव्वा गॅलन, म्हणजे 4.73 लिटर तेल मावतं. ब्रिटिश मापाने तेच 5 क्वार्ट 5.68 लिटर भरतात.

कुणी म्हणेल, गुणोत्तर दोन्हीकडे चारच, मग बिघडलं कुठे? एकाच पद्धतीत राहिलं तर काहीच नाही. पण ब्रिटिश आकडा गॅलनला 36 मैल आणि अमेरिकी आकडा 30 मैल दिसला, की पहिली गाडी सरस वाटते. प्रत्यक्षात दोघींचं मायलेज जवळजवळ सारखंच असतं. म्हणून आकड्याशेजारी देशाचं नाव छापलंच पाहिजे. सरळ लिटर वापरा, हा सल्ला रास्तच. मात्र अमेरिकेत दूध आजही गॅलनने विकतात आणि ब्रिटनमध्ये मायलेज अजून गॅलनवरच सांगतात.