शेजारणीचं विरजण

ऐन दुपारची वेळ. जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला. 2021 सालची, टाळेबंदीतली गोष्ट. पलीकडून एका मुलीचा कोवळा आवाज आला, "मॅडम, तुम्ही आपल्या कॉलेजच्या 2009 च्या बीए ना? सध्या आपण काय करता?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला होता. सासरच्या नातेवाइकांनी विचारला, बँकेतल्या कारकुनानं विचारला, मुलाच्या शाळेच्या फॉर्मनं तर दरवर्षी विचारला. पण ज्या कॉलेजनं तीन वर्षं शिकवलं, त्यानं विचारायची ही पहिलीच वेळ. मी गोंधळलेच. "थांब हं, गॅसवर दूध आहे," म्हणून जरा वेळ काढला.

हे फोन कशासाठी चाललेत, ते संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापिकाबाईंकडून कळलं. त्या माझ्याच कॉलेजात शिकवतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 च्या जुलैत 'परामर्श' नावाची योजना काढली. ज्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना 'नॅक'चा चांगला दर्जा मिळालाय, त्यांनी दर्जा न मिळालेल्या कॉलेजांना हाताशी धरून शिकवायचं. देशभरातल्या हजार संस्थांना असं हाताशी धरायचं ठरलं होतं. शिकवणाऱ्या संस्थेला 30 लाखांपर्यंत मदत, शिवाय तज्ज्ञ माणूस नेमायचा तर त्याला दरमहा 31,000 रुपये. (या आकड्याशी मी माझ्या अर्धवेळ पगाराची तुलना केली नाही. उगीच मन खट्टू होतं!)

आपण बायका हे वर्षानुवर्षं करत आलोय. दही लागेनासं झालं, की शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतो. त्यात कमीपणा कसला? अण्णासाहेब कर्व्यांनीही तेच केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांच्या वाचनात आली, आणि 1916 साली पुण्यात आपल्याकडचं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेच आजचं एसएनडीटी. विरजण जपानचं, पण दूध आपलं होतं. मुलींना मातृभाषेतून शिकवायचं हे अण्णांनी ठरवलं, कारण समोरच्या मुली त्यांना ठाऊक होत्या.

आमच्या कॉलेजात मात्र सुरुवातीला नुसतं पातेलंच घासणं चाललं होतं. 2020 च्या फेब्रुवारीत जिल्ह्याच्या कॉलेजातली मंडळी एकदा येऊन गेली. मग टाळेबंदी लागली आणि पुढचं सगळं फोनवर न् संगणकावर. "सहा महिने आम्ही फायलीच लावत होतो," प्राध्यापिकाबाई सांगत होत्या. "सभांची इतिवृत्तं, छायाचित्रं, सह्या. मुलींचं नावच नाही कुठं."

ते नाव काढलं पाहुण्यांपैकी वाणिज्य शाखेच्या एका बाईंनी. त्यांनी साधंच विचारलं, "मागच्या वर्षी पास झालेल्या मुली आज काय करताहेत?" कुणालाच ठाऊक नव्हतं! नोंदवहीतल्या नंबरांवर फोन लावावेत, तर तो नंबर वडिलांचा नाही तर भावाचा. मुलगी लग्न होऊन गेलेली. काही नंबर बंदच. म्हणून मग विद्यार्थिनींनाच कामाला लावलं, आणि जुन्या याद्या धुंडाळता धुंडाळता त्या माझ्यापर्यंत येऊन पोचल्या.

त्या बाईंचा प्रश्न काही उगीच नव्हता. आयोगानं कॉलेजांपुढे ठेवलेलं एक उद्दिष्टच असं होतं, की पदवीधरांपैकी निदान 50 टक्के तरी नोकरीला लागावेत, स्वतःचा उद्योग करावेत किंवा पुढे शिकावेत. हे वाचलं आणि माझ्या मनात आलं, लग्न करून घर सांभाळणारी मुलगी यांतल्या कुठल्या रकान्यात? कुठल्याच नाही! ती उरलेल्या निम्म्यांत. मी राग मानणार होते, पण विचार केल्यावर वाटलं, बरंच झालं. इतकी वर्षं 'मुलीचं काय, लग्न होईल' म्हणून कॉलेजांची झाकली मूठ राहिली होती. आता तरी ती उघडावी लागेल.

याच काळात माझ्या नणंदेची मुलगी त्या कॉलेजात बीकॉम करत होती. हुशार, गुण चांगले. मुलाखतीच्या सरावात तिला म्हणाले, "स्वतःविषयी सांगा." हिनं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबली. पुढे काय सांगायचं असतं, हे पंधरा वर्षांच्या शिक्षणात तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही नव्हतं सांगितलं, म्हणून मी तिला हसले नाही.

पाहुण्यांचीही एक चूक झाली. त्यांनी शहरातल्या कंपन्यांची मोठी यादी आणली. आमच्याकडचे बाप काही मुलींना तिकडे खोली घेऊन राहू देणार नाहीत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तेव्हा आमच्या प्राध्यापिकाबाईंनीच यादी बाजूला सारली. गावात पतसंस्था आहे, साखर कारखाना आहे, दोन दवाखाने आहेत, कर सल्लागारांची कचेरी आहे. तिथं जाऊन विचारू या, म्हणाल्या. कचेरीवाले आधी नाहीच म्हणत होते. 'मुलींना शिकवत बसायला वेळ कुणाला?' शेवटी, पगार नको, दोन महिने नुसतं बसू द्या, यावर तडजोड झाली. मला ती तडजोड पटली नाही. फुकटात राबायची सवय मुलींना आपण घरात लावतोच, आता कचेरीतही? पण भाची गेली.

पहिला आठवडा तिनं नुसती बिलं तारीखवार लावली. घरी येऊन म्हणाली, "मामी, जमा-खर्च पुस्तकात किती गं सोपा असतो! इथं बिलावर चहा सांडलेला असतो, आकडाच लागत नाही." दुसऱ्या महिन्यात जीएसटीचं विवरणपत्र भरायला शिकली. 2022 मध्ये पास झाली आणि त्याच कचेरीत पगारावर लागली. तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुलींचं असं झालं नाही. पाचजणी कुठं कुठं लागल्या, बऱ्याचजणींची लग्नं झाली.

मैत्रिणींनो, प्रवेशाच्या दिवसांत आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, एसटीची वेळ विचारतो. तसंच एवढंही विचारावं, की मागच्या तीन वर्षांत पास झालेल्या मुली आज कुठं आहेत. 'नॅक'साठी कॉलेजनं लिहिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर असतो, मोबाइलवरही दिसतो. परामर्शच्या काळातल्या अहवालात सात निकष असत. त्यातला पाचवा उघडावा, तो विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटचालीचा. डाळ जशी मुठीत घेऊन पाहतो, तसा तो आकडा पाहावा. शंभरातल्या इतक्याजणी लागल्या असं लिहिलं असेल, तर कुठं लागल्या, ते कार्यालयात जाऊन विचारावं. आत्या-मामीनं विचारलं तरी चालतं.

हो, त्या फोनचं राहिलंच. दूध उतरवून मी परत आले, तोवर ती मुलगी थांबली होती. मी म्हटलं, "घर सांभाळते आणि शाळेत अर्धवेळ शिकवते." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, मग 'नोकरी' लिहू का?" तिनं विचारलं.

"लिही," मी म्हटलं. "आणि हा नंबर माझा स्वतःचा आहे, तेही लिही."