नवजात बालक आणि गांवची आरोग्यदूत

धानाचे पऱ्हे टाकल्यावर पहिले कांहीं दिवस किती निगा राखावी लागते, हें शेतकऱ्यांस सांगणें नको. नवजात बालकाचेंहि तसेंच आहे. चंद्रपूर जिल्हा विभागून १९८२ सालीं झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं १९८६ मध्यें ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. डॉक्टरांवाचून हें काम होणें नाहीं, असा समज असतां संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांस तें शिकविलें. या आरोग्यदूत बाळंतपणास हजर राहूं लागल्या. मूल श्वास घेईना तर त्या श्वास देत, वजन करून त्यास उबेंत ठेवीत आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच सुई टोंचीत. हजार जन्मांमागें पहिल्या महिन्यांतील मृत्यु पूर्वीं ६२ होते. ते १९९७-९८ मध्यें सुमारें २५ वर आले. जेथें हें काम नव्हतें, त्या गांवांत ते ६० च्या आसपासच राहिले. पुढें २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे नवजात बालकांच्या गृहभेटी सोंपविण्यांत आल्या.

आमच्या शेतकरी बंधूंस आम्ही इतकेंच सुचवितों, कीं घरच्या सुनेनें असें काम पत्करिल्यास ‘हिला काय समजतें’ असें न म्हणतां तिला मोकळीक द्यावी, आणि आपल्या दारीं आरोग्यदूत आल्यास तिचें ऐकावें.