फीचा खरा आकडा

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की आमच्या लातुरात शिकवण्यांच्या गल्लीतला प्रश्न बदलतो. वर्षभर "किती मार्क पडतील?" असं विचारणारे पालक आता विचारतात, "सर, त्यातल्या त्यात स्वस्त प्रायव्हेट कॉलेज कोणतं?" मी जीवशास्त्र शिकवतो, पण निकालानंतरचे आठवडे माझे पालकांशेजारी बसून पसंतीक्रम लावण्यात जातात. या प्रश्नाला मी कॉलेजचं नाव सांगून उत्तर देत नाही. प्रवेश मुलाचा की मुलीचा, प्रवर्ग कोणता, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला कितीचा, घरात अजून शिकणारं कोण आहे, हे आधी विचारतो. एकच कॉलेज, एकच वर्ग, एकच वसतिगृह. तरी शेजारच्या दोन घरांना ते दोन वेगळ्या किमतींना पडतं.

सुरुवात करायची ती शुल्क नियामक प्राधिकरणाच्या आदेशापासून. सगळे त्याला एफआरए म्हणतात. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी हे प्राधिकरण ठरवतं. कॉलेज आपले लेखापरीक्षित हिशेब सादर करतं. प्राध्यापकांचे पगार, वीज, देखभाल, घसारा असा ग्राह्य खर्च धरून तो विद्यार्थ्यांवर विभागला जातो आणि त्यावर विकासासाठी काही रक्कम मिळते. त्यामुळे आदेशातल्या आकड्याचे दोन भाग असतात: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. पालक बेरीज बघतात. मी त्यांना हे दोन भाग वेगळे लिहायला लावतो, कारण पुढचा सगळा हिशेब या फोडीवर उभा आहे.

राज्यातल्या खासगी कॉलेजांच्या आदेशांवरून नजर फिरवली की कुठे वर्षाला सात-आठ लाख दिसतात, कुठे बारा-चौदा. हा फरक गुणवत्तेचा नाही, खर्चाचा आहे. जुन्या, भरलेल्या कॉलेजची फी कमी निघू शकते आणि नव्या इमारतीचा घसारा असलेल्याची जास्त. "फी जास्त आहे म्हणजे कॉलेज भारी असणार" हे मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी तो समज काढून टाकायचा प्रयत्न करतो.

हा आदेश सार्वजनिक असतो, कोणालाही पाहता येतो. तरीही बहुतेक घरांत आकडा येतो तो फोनवरून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून अनोळखी आवाज फोन करतात, मुलाचे गुण त्यांना आधीच माहीत असतात, आणि ते "पॅकेज" सांगतात: साडेचार वर्षांचं सगळं धरून इतके. त्या पॅकेजात फी किती, वसतिगृह किती, मध्यस्थाचं किती, हे कधीच सुटं सांगितलं जात नाही. पालकांना मी एवढंच म्हणतो, की जो आकडा कागदावर लिहून देता येत नाही तो हिशेबात धरायचा नाही. देणगी घेऊन प्रवेश देणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांगतो. ते ऐकून काही जण गप्प होतात. त्यांनी तोवर कुणाला तरी टोकन दिलेलं असतं.

मागच्या हंगामात औसा तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आले होते. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "सर, चार एकर हाय. त्यातलं किती जाईल तेवढं सांगा." मुलगी मराठा समाजातली, एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गाचा, दाखला काढलेला, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. सरकारी कॉलेजच्या कटऑफपासून ती थोडी मागे होती. त्यांच्या वहीत नात्यातल्या कोणी तरी स्वस्त म्हणून सुचवलेल्या दोनच कॉलेजांची नावं होती. बाकीची फी बघून खोडलेली.

त्यांच्यासाठी मी हिशेब असा मांडला. एका कॉलेजची फी आठ लाख धरू, त्यात विकास शुल्क पाऊण लाख. दुसऱ्याची बारा लाख, त्यात विकास शुल्क एक लाख. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं; त्याआधी ही सवलत पन्नास टक्के होती. अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. या मुलीला पहिल्या कॉलेजात भरावे लागणार पाऊण लाख आणि राहण्या-जेवणाचा खर्च. दुसऱ्यात एक लाख आणि राहण्या-जेवणाचा खर्च. चार लाखांचा फरक पंचवीस हजारांवर आला. वहीत खोडलेली नावं परत लिहावी लागली, आणि आता क्रम लावायचा तो रुग्णालय कोणाचं मोठं, घरापासून किती लांब, वसतिगृह कसं, यावरून.

तोच हिशेब तिच्या भावासाठी मांडला असता तर चित्र पालटलं असतं. मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शुल्क मिळतं, आणि निम्मं म्हटलं की आठ आणि बारा लाखांतलं अंतर दरवर्षी दोन लाखांच्या आसपास पुन्हा उभं राहतं. उत्पन्न आठ लाखांच्या वर असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला सगळंच भरायचं आहे. त्याच्यासाठी आदेशातला प्रत्येक हजार मोलाचा. म्हणून स्वस्त कॉलेजांची जी एकच यादी हातोहात फिरते, ती मला आवडत नाही. ती कोणासाठी केली, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

कागदांचा भाग रुक्ष आहे, पण जागा तिथेच निसटतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि घरात गेल्या वर्षीचा दाखला असला की पालक निर्धास्त असतात. अकरावीत जात वैधतेचा अर्ज करा, हे मी वर्गात वारंवार सांगतो.

सवलतीबाबत एक गोष्ट मला फार लागते. शासन शुल्क नंतर कॉलेजला देतं, म्हणून काही कॉलेजं प्रवेशाच्या दिवशी पालकांकडून पूर्ण रकमेचा धनादेश किंवा हमीपत्र मागतात. पैसे शासनाकडून उशिरा येतात ही त्यांची अडचण खरी असेल. पण माफी मिळालेल्या मुलीच्या बापानं त्यासाठी सावकाराकडे जायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. अशा वेळी मी ती मागणी लेखी घ्यायला सांगतो. लेखी मागितलं की पुष्कळदा मागणी मागे घेतली जाते. नाहीच घेतली, तर तो कागद जोडून शुल्क प्राधिकरणाकडे आणि राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाकडे तक्रार करता येते.

आता डीम्ड. अभिमत विद्यापीठांची वैद्यकीय महाविद्यालयं या सगळ्याच्या बाहेर आहेत. त्यांना एफआरएचा आदेश लागू नाही, त्यांचे प्रवेश दिल्लीहून मेडिकल कौन्सेलिंग कमिटी करते, आणि मुलींच्या शुल्कमाफीतूनही ती वगळलेली आहेत. फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. हे असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं. १९८४ मध्ये लोणीचं आणि कराडचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १९९० मध्ये सावंगीचं. ग्रामीण भागात डॉक्टर घडवणं हा या संस्थांचा सांगितलेला हेतू होता, आणि त्यांची रुग्णालयं आजही भागातल्या लोकांचा आधार आहेत. पण २००३ ते २००६ या काळात यांतल्या अनेक संस्था अभिमत विद्यापीठं झाल्या. राज्याच्या शुल्कनियमनाच्या कक्षेत जी जुनी, रुग्णांनी भरलेली कॉलेजं सामान्य घरातल्या मुलांना मिळाली असती, ती अशी कक्षेबाहेर गेली. मला हे राज्याचं मोठं नुकसान वाटतं.

डीम्डच्या नोंदणीसाठी दोन लाख रुपये अनामत भरावी लागते. ती परत मिळण्याचे नियम फेरीनुसार बदलतात, त्यामुळे "भरून ठेवू, बघू पुढं" असं म्हणणाऱ्या पालकांना मी आधी नियम वाचून दाखवतो. मिळालेली जागा परवडणार नसेल तर ती पसंतीक्रमात टाकायचीच नाही.

राज्यातल्या खासगी कॉलेजांतही १५ टक्के जागा संस्थात्मक कोट्याच्या असतात. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये पी. ए. इनामदार खटल्यात अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागांना मुभा दिली होती. व्यवहारात लोक या सगळ्या जागांना मॅनेजमेंट कोटाच म्हणतात. इथली फी नेहमीच्या फीच्या काही पट असते आणि कुठलीही सवलत मिळत नाही. पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये ही नावं साध्या जागांच्या शेजारी दिसतात. घाईत बोट चुकीच्या रांगेवर पडलं, तर आठ लाखांचं समजलेलं कॉलेज तिप्पट रकमेचं निघतं. फॉर्म लॉक करण्याआधी मी घरातल्या दुसऱ्या माणसाला प्रत्येक ओळीतला कोटा मोठ्यानं वाचायला लावतो.

पालक हमखास विचारतात ते आणखी एक: "खासगीत निम्म्या जागांना सरकारी फी झाली ना?" राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं फेब्रुवारी २०२२ मध्ये तसं मार्गदर्शक परिपत्रक काढलं होतं, खरं. पण प्रवेशाच्या दिवशी कॉलेजची खिडकी आपल्या राज्याच्या आदेशातला आकडा मागते. हिशेब त्याच आकड्यावर करायचा.

खासगी म्हणावं तर खासगी नाही आणि सरकारीही नाही, असं एक नाव मी मुद्दाम सुचवतो: सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी ते उभारलं. चालवते कस्तुरबा हेल्थ सोसायटी, आणि खर्चाचा मोठा भाग केंद्र व राज्य सरकार उचलतं. म्हणून फी विनाअनुदानित कॉलेजांच्या मानानं अगदी थोडी. नव्या विद्यार्थ्यांना पहिले काही दिवस आश्रमात राहावं लागतं, खादी वापरावी लागते, गाव दत्तक घेऊन तिथल्या कुटुंबांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवावा लागतो. जागा शंभरच आहेत, कटऑफ वर जातो. तरी पसंतीक्रमात ते वरच्या ओळीत असावं, असं माझं ठाम मत आहे.

फी कळली, आता त्या फीत काय मिळतं ते बघायला जायचं. प्रवेशाआधी दोन-तीन कॉलेजं प्रत्यक्ष पाहणं शक्य असेल तर मी पालकांबरोबर जातो. दर्शनी इमारत, सभागृह, कारंजं यांकडे बघायचं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला थेट बाह्यरुग्ण विभागात जायचं. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का? आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार दीडशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजला ६०५ खाटांचं रुग्णालय लागतं आणि त्यांतल्या ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. वॉर्डातून चालताना ते डोळ्यांनी कळतं. खाटेशेजारी डबा, पाण्याची बाटली, नातेवाईक आहेत की नुसती स्वच्छ चादर? प्रसूती विभागात बाळांचे आवाज येतात का? मग चहाच्या टपरीवर इंटर्नना विचारायचं: सुया-टाके तुम्ही स्वतः घालता का, रात्री अपघात विभागात किती केस येतात, विद्यावेतन खात्यात जमा होतं का? शेवटच्या प्रश्नाला पोरं एकमेकांकडे बघू लागली, की उत्तर मिळालं. रुग्ण नसलेलं स्वस्त कॉलेज मी कोणाला सुचवत नाही. ज्या मुलानं पाच वर्षांत माणसाच्या पोटाला हात लावला नाही, त्याच्या हाती पुढे आपलंच गाव असतं.

तिथल्या तिथे लेखा विभागात वसतिगृह, मेस, परत मिळणारी अनामत, विद्यापीठाचं पात्रता व परीक्षा शुल्क असं प्रत्येक कलम लिहून घ्यायचं. एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, पुढचं एक वर्ष इंटर्नशिप. काही ठिकाणी पूर्ण पाच वर्षांची फी सांगितली जाते. ती अर्ध्या वर्षाची जादा रक्कम कशाबद्दल, हे तिथेच विचारायचं. घरी परतल्यावर विचारून उपयोग नसतो.

ज्यांना सवलत नाही त्यांच्यासाठी बँक. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. वैद्यकीयच्या फीत एवढ्यात एक वर्ष जेमतेम निघतं. पुढे तारण आलं, आणि शेतजमीन तारण घ्यायला बऱ्याच शाखा नाखूश असतात. वर्षाला दहा लाख फी धरली तर साडेचार वर्षांचे पंचेचाळीस लाख. सगळे कर्जानं घेतले, व्याज सरळ दहा टक्के धरलं आणि इंटर्नशिपनंतर एक वर्षानं हप्ते सुरू झाले, तर तोवर सव्वाएकवीस लाख व्याज साचतं. पहिल्या हप्त्याच्या दिवशी डोक्यावर सव्वासहासष्ट लाख. तेव्हा मुलगा नुसता एमबीबीएस झालेला असतो आणि पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास करत असतो. हा आकडा कागदावर आला की काही घरं एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यायचं ठरवतात, काही बीएएमएस किंवा नर्सिंगचा विचार करतात. मुलगा समोर बसलेला असताना हे बोलणं अवघड जातं. तरी मी त्याला बाहेर पाठवत नाही. फेडायचं त्यालाच आहे.

औशाच्या त्या मुलीचा नंबर दुसऱ्या फेरीत लागला, बारा लाखांच्या गटातल्या एका कॉलेजात. जागा पसंत होती म्हणून तिनं स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांतून ती बाहेर पडली. एकरभरही विकावं लागलं नाही. पण माफी एकदाच मिळून चालत राहत नाही. राज्याच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करायचं, उत्पन्नाचा दाखला नव्यानं जोडायचा, आधारशी जोडलेलं बँक खातं चालू ठेवायचं. वडिलांनी तहसीलच्या कामाच्या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतल्या, आणि धाकट्याचा जात वैधतेचा अर्ज आताच करता येईल का, असं विचारलं. तो अकरावीत आहे. येईल, म्हटलं, आणि लागणाऱ्या कागदांची यादी त्याच पानावर खाली लिहून दिली.